खुंटीवरचा पंखा

दस्तगीर मिस्त्री गेल्याचा निरोप आला तेव्हा मी छापखान्यात एका पत्रकाचं मुद्रित तपासत होतो. निरोप घेऊन आला होता त्यांच्या शेजारचा कासार. दारातच उभा राहून म्हणाला, "मिस्त्री गेलं सकाळी. ताप उतरलाच न्हाय. दुपारच्या नमाजानंतर माती हाय. चाचीनं तुमास्नी सांगून ये म्हटलंय." मी "येतो" म्हणालो. तो गेला. आणि मग मी काय केलं, तर मुद्रिताच्या उरलेल्या चार ओळी तपासल्या. एक अक्षर उलटं जुळवलेलं होतं, ते सरळ करून घेतलं. मगच उठलो. सात आठवडे झाले, हा लेख चार वेळा सुरू केला आणि चारही वेळा ही गोष्ट गाळली. आज गाळत नाही. एक अक्षर सरळ करायला मला त्या दिवशीसुद्धा सवड होती, आणि त्याच माणसाबद्दल मी छापलेलं एक अख्खं खोटं सरळ करायला पाच वर्षांत सवड झाली नव्हती…

या पुरवणीच्या वाचकांतल्या पुष्कळांनी दस्तगीरचाचांना पाहिलं असेल, नाव माहीत नसेल. रंकाळवेशीजवळ कौलारू पडवीत त्यांचं दुकान. उसाचे लोखंडी चरक, विहिरीवरचे पंप, टांग्यांचे आस, जे बिघडेल ते तिथं यायचं. त्यांचे वडील घोड्यांना नाल ठोकायचे. चाचा मात्र तरुणपणी मुंबईला गेले, बारा वर्षं गोदीत आगबोटींच्या पोटात काम केलं आणि खोकला घेऊन परत आले. माझी त्यांची ओळख झाली ती आमच्या छपाईयंत्रामुळे. आम्ही वसतिगृहातल्या चार पोरांनी मिळून एक जुनं, पायानं चालवायचं यंत्र आणलं होतं, भटशाहीवर तोफा डागायला. पहिल्याच दिवशी त्याचा आस मोडला. चाचा आले, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "तोफ म्हणताय व्हय हिला? मग दारू भरायच्या आधी नळी तरी बघायची हुती की." दोन दिवस यंत्राखाली उताणे पडून त्यांनी ते चालू करून दिलं. त्या दिवसापासून मला ते 'पत्रकवाले' म्हणायला लागले. "या पत्रकवाले, आज कुणाला झोडपलं?" ते यंत्र अजून चालतं. पुढं त्यांची बदनामी मी ज्याच्यावर छापली, ते यंत्र हेच.

आता नावांची, म्हणजे नदीतल्या होड्यांची गोष्ट. माझं गाव शिरोळच्या बाजूला, कृष्णेच्या पलीकडच्या काठावर. पावसाळ्यात नदी फुगली की आमचं गाव जगातून उठतं. अलीकडचा दवाखाना डोळ्यांना दिसतो, पायांना मिळत नाही. माझी वहिनी बाळंतपणात अडली तेव्हा दोन दिवस दादा काठावर उभा राहून पलीकडं हाका मारत होता. डॉक्टरांना हाका ऐकू येत होत्या. वहिनी गेली. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. त्यानंतर मी जे पहिलं पत्रक लिहिलं ते देवळावर नव्हतं, नावेवर होतं. चार पावसाळे लिहीत राहिलो, गावोगाव अंगठे घेत फिरलो, महाराजांची स्वारी शिरोळकडं आली तेव्हा रस्त्यात आडवा उभा राहिलो. आणि नावा मंजूर झाल्या. एक नाही, दोन. मालवणच्या सुतारांनी बांधलेल्या जुळ्या नावा सुट्या करून बैलगाड्यांतून घाट चढून आल्या. वारा असेल तर शिडावर चालायच्या, वारा पडला की घासलेटच्या इंजिनावर. व्यवस्थेला आम्ही पाच पंच, आणि जोडणीचं काम दस्तगीर मिस्त्रींकडं, कारण इंजिनवाली नाव पाहिलेला माणूस सगळ्या पंचक्रोशीत तोच एक होता.

नाव इंजिनावर चालते ती तिच्या ढुंगणाशी पाण्याखाली फिरणाऱ्या पितळी पंख्यामुळे. पण शीड लावून इंजिन बंद केलं की तोच पंखा पाण्यात आडवा राहून नावेला मागं ओढतो. पोहणाऱ्यानं हात पसरून ठेवावेत तसा. त्यावर इलाज दोन. एक मिटणारा पंखा: त्याची दोन पाती बिजागरीवर असतात, इंजिन थांबलं की पाण्याच्या जोरानं अडकित्त्यासारखी मिटून जातात. दुसरा वळणारा पंखा: त्याची पाती मिटत नाहीत, जागच्या जागी वळतात, पाण्याकडं धार करून उभी राहतात. त्याच्या पोकळ दांड्यातून आणखी एक सळई जाते, आणि नावेतला एक दांडा मागंपुढं केला की पाती हवी तशी फिरतात. पुढं, धारेवर, नाहीतर उलटी. मुंबईच्या व्यापाऱ्यानं नमुन्याला एकेक धाडला होता, प्रत्येक नावेला एक. पंचांनी ठरवायचं होतं, दोन्ही नावांना कोणता ठेवायचा.

चाचांना वळणारा हवा होता. त्यांनी मला पडवीत बसवलं, चाचीनं चहा दिला, आणि त्यांनी मला जे सांगितलं ते इतकं सोपं होतं की आज आठवलं की कानशिलं तापतात. ते म्हणाले, "हे बघ, मिटणारा पुढं जाताना झ्याक. पाणीच त्येची पाती उघडी ठेवतंय. पर उलटा फिरवला की त्येच पाणी पाती मिटवाय बघतंय. म्हंजे नाव थांबवायच्या येळंला पंखा झोपतोय. आन् तुमची नदी कशी हाय, सांगू नगंस मला." मी म्हणालो, पुरात पालापाचोळा येतो, उसाचा पाला येतो, तो वळणाऱ्यात गुंततो, मिटणाऱ्यावरून तो निसटून जातो. ते लगेच म्हणाले, "खरं हाय. गुंततोय. पर गुंतलेला काढता येतोय की. न थांबलेली नाव कशी काढशील?" मग मी विचारलं, बिघडला तर? ते म्हणाले, "मिटणारा कुठलाबी लोहार बडवून देईल. ह्यो न्हाय. ह्येला शिकाय लागतंय."

बस. एवढं एकच वाक्य मी घरी घेऊन गेलो. बाकी सगळं पडवीत सोडलं. मला वाटलं, सापडलं! ज्याला फक्त एकालाच हात लावता येतो अशी वस्तू गावाच्या गळ्यात मारायची आणि विद्या आपल्या कमरेला लावून हिंडायचं, हे मी ओळखत होतो. पोथी जवळ ठेवणारे तेच करत आले, वतनाचे कागद जवळ ठेवणारे तेच करत आले. माझ्याकडे एकच साचा होता आणि त्यात मी चाचांना ओतलं. ते पुढं आणखी काय म्हणाले होते ते मला पक्कं आठवतं, तेव्हाही आठवत होतं: "दोन माणसं दे मला गावची, आठ दिवसांत शिकवतो." ते मी पत्रकात घातलं नाही. पत्रकाचा मथळा होता 'किल्ली कोणाच्या कमरेला?' नाव लिहिलं नव्हतं. नाव न लिहिण्यात आपण फार सभ्यता दाखवतो असं मला त्या वयात वाटायचं. सगळ्या पेठेला कळलं. चाचांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मी दुकानावरून गेलो तेव्हा नेहमीसारखी हाक मारली, "या पत्रकवाले!" मी घाईत असल्याचं दाखवलं.

पंचांत दोघं इकडे, दोघं तिकडे, आणि पत्रकामुळे माझं पाचवं मत कुणी धरेना. तेव्हा मीच तोड काढली, आणि ती आपल्या कोल्हापुरालाच सुचावी अशी होती: कुस्ती लावू. दोन जुळ्या नावा, दोन पंखे, रंकाळ्यावर मैदान. शीड लावून पलीकडच्या काठापर्यंत जो पंखा आधी नेईल तो जिंकला. मी हँडबिलं काढली, हलगीवाले सांगितले, विजयी पंख्याला फेटा बांधायचा ठरवला. लोक जोतिबाच्या यात्रेसारखे लोटले. ज्यांनी जन्मात पंखा पाहिला नव्हता ते "मिटणारा मारतोय बघ!" म्हणून पैजा लावत होते. वारा चांगला होता. आणि मिटणारा जिंकला, चार नावांच्या लांबीनं जिंकला. जिंकणारच होता, मिटलेला पंखा पाण्याला जवळजवळ लागतच नाही. हे चाचांनी मला पडवीत स्वतःच सांगितलं होतं! पण निकाल लागला तसा मीही हात वर करून नाचलो.

तेवढ्यात चाचा पुढं आले. त्यांच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आता हा दोर घाटासमोर पाण्यावर ताणायचा, दोन्ही नावा इंजिनावर जोरात आणायच्या, आणि दोराच्या अलीकडं कोण थांबतं ते बघायचं. "पळायची कुस्ती झाली," ते म्हणाले, "आता थांबायची लावा." त्यांचा आवाज हलगीत जात नव्हता. मी ओट्यावर उभा होतो, मला ऐकू आलं होतं. मी लोकांकडं तोंड करून ओरडलो, "निकाली कुस्ती झालीया! पाठ लागलेल्या पैलवानाला पुन्हा हात द्यायचा का?" हजार तोंडांनी "न्हाय!" म्हटलं. कुणीतरी चाचांच्या अंगावर गुलाल उधळला, थट्टेनं. ते हसले. दोर खांद्यावर तसाच ठेवून गर्दीतून बाहेर पडले. मला त्यांची पाठ दिसत होती, गुलालानं लाल झालेली… आणि मला बरं वाटत होतं. हो, बरंच वाटत होतं.

दोन्ही नावांना मिटणारे पंखे बसले, आणि बसवले चाचांनीच. रुसले नाहीत, काम दुसऱ्यावर टाकलं नाही. नापास झालेला वळणारा पंखा परत धाडायची उसाभर कुणी केली नाही. त्यांनी तो सळई-दांड्यासकट मागून घेतला आणि दुकानात खुंटीवर टांगला. आमच्या रामा नावाड्याला त्यांनी बजावून ठेवलं की घाटाच्या आधी दहा नावांच्या लांबीवरच इंजिन बंद कर, शीड उतरव, बांबू लाव. आणि पहिल्या पावसाळ्यात, नदी फुगली की ते स्वतः शिरोळला येऊन राहायचे, नावेच्या नाळेवर, पार पुढच्या टोकाला, बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "नवी सून हाय, नजर ठेवाय नगं?" पहिला पावसाळा नीट गेला. पलीकडून आजारी माणसं अलीकडं आली, टपाल गेलं, लस टोचणारे गेले. मी आणखी एक पत्रक काढलं. त्यात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या पावसाळ्यात ते झालं. मागून वारा, खालून ओढ, नावेत पलीकडच्या वाडीची वीस-बावीस माणसं, आणि घाटावर पुढच्या खेपेला थांबलेली बायाबापड्यांची गर्दी, पाण्याला लागून. रामानं शिडाची दोरी सोडली तर भिजलेली दोरी कप्पीत अडकली; शीड उतरेना. नाव सरळ घाटावर. रामानं इंजिनाचा उलटा दांडा टाकला. पंखा उलटा फिरला, पाती मिटली, नाव तशीच पुढं. नाळेवर चाचा होते. घाटावरच्या बाया मागं सरकायला गेल्या तर मागं गर्दी. चाचांनी बांबू टेकवला, तो मोडला. मग त्यांनी नाळेवरून पायरीवर उडी घेतली, पाठ पायरीला लावली आणि नाव पायांनी तोलली… नाव तिरकी झाली, घसटत बाजूला गेली, गर्दीला लागली नाही. नाळेची फळी फुटली. एका म्हातारीचा दात पडला. बाकी कुणाला काही नाही. चाचांचा डावा पाय नाव आणि दगड यांच्यामध्ये राहिला. मिरजेच्या डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली काढला.

मी कोल्हापुरात होतो. मला बातमी आली ती एवढीच: नाव घाटावर आपटली, फळी फुटली. कसं, काय, कोणाला लागलं, काही नाही. मला लगेच दिसायला लागले ते माझ्या विरोधातले दोन पंच, त्यांचं हसणं, आणि 'पत्रकं लिहिणाऱ्यांनी नावा चालवू नयेत' हे त्यांचं वाक्य. मी शिरोळला गेलो नाही. मी यंत्राकडं गेलो. दुपारपर्यंत लिहिलं, संध्याकाळपर्यंत छापलं. मथळा 'नाव कोणी फोडली?' आणि त्यात हे वाक्य होतं, मला ते पाठ आहे: "हरलेला पैलवान आखाड्यात काचा पेरून ठेवतो, तसे हरलेल्या कारागिराने जोडणीत काय पेरून ठेवले याची चौकशी व्हावी." या खेपेला नाव लिहिलं होतं. सभ्यतेची हौस फिटली होती. शिरोळच्या बाजारात तो गठ्ठा वाटला गेला तेव्हा चाचा मिरजेला शुद्धीवर येत होते.

चौथ्या दिवशी मी गावी गेलो. घाटावरच रामा भेटला. एरवी 'मालक मालक' करणारा माणूस, त्या दिवशी त्यानं मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाला, "लई झ्याक लिवता की तुमी. नाळेवर कोण बसलंतं ते म्हाईत हाय का?" मग काय झालं ते त्यानं सांगितलं. माझा विश्वास बसेना. मी म्हणालो, चालवून दाखव. दुसरी नाव धड होती. रामानं ती शांत पाण्यात जोरात नेली आणि उलटा दांडा टाकला. इंजिन बोंबलत होतं आणि नाव पुढंच चालली होती, ऐटीत, जशी रंकाळ्यावर गेली होती तशी. मी कडेवरून खाली वाकून पाहिलं. गढूळ पाण्यात काही दिसलं नाही. दिसायची गरजही नव्हती. रामा म्हणाला, "तवाच दोर लावून बघायचं हुतं. म्हातारा दोर घेऊन आलाता न्हवं?"

म्हणजे चौथ्या दिवशी मला सगळं माहीत होतं. हे नीट वाचा. मी फसलो होतो असं नाही. तीन दिवस फसलो होतो, त्यानंतर पाच वर्षं मी गप्प होतो. कारणं भरपूर होती. विरोधकांच्या हाती कोलीत जाईल. चळवळीला धक्का बसेल. आता इतक्या दिवसांनी कोण लक्षात ठेवतंय. चाचा स्वतः तरी कुठं काही म्हणतात! ज्या तोंडानं मी दरबारी कारकुनांना 'चूक कबूल करायला छाती लागते' म्हणून सुनावत होतो, त्याच तोंडानं ही कारणं मी स्वतःला सांगत होतो. इकडं चाचांचं दुकान बसत गेलं. चरक दुसरीकडं जायला लागले. रंकाळवेशीत पोरंसोरं त्यांना 'नावफोड्या' म्हणायला लागली. आणि तिकडं पंचांनी घाबरून दोन्ही इंजिनं बंद केली. नावा नुसत्या शिडावर आणि बांबूवर, म्हणजे पुरात पुन्हा काठाला बांधलेल्या. पुढं विलायतेत लढाई पेटली, मुंबईहून नवा पंखा येणं बंद झालं. अख्ख्या मुलखात तसा एकच पंखा होता, आणि तो कुठं टांगलेला आहे हे मला ठाऊक होतं. तो नावेला बसवा असं पंचांत म्हणायचं, तर आधी मिस्त्री बरोबर होते असं म्हणावं लागलं असतं. मी म्हटलं नाही. माझ्या वहिनीच्या गावाला मी दुसऱ्यांदा हाका मारायला लावल्या.

शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यातली. मी पलीकडच्या बाजूनं, तोंड चुकवून चाललो होतो. पडवीतून हाक आली, "या पत्रकवाले! त्या बाजूला ऊन हाय, हिकडं सावली हाय." गेलो. ते पाटावर बसून काम करत होते, कुबडी भिंतीला टेकलेली. शुक्रवार होता, पंख्याला तेल घालायचा त्यांचा वार. त्यांनी मला खुंटीवरचा पंखा काढायला लावला, स्वतःपुढं ठेवायला लावला, आणि तेलाचा डबा माझ्या हातात दिला. डब्याखाली एक घडी घातलेला कागद होता, तेलानं पारदर्शक झालेला. मथळ्यातला 'किल्ली' हा शब्द मला उलट्या बाजूनंही वाचता आला. ते बघत होते मी वाचतो का ते. मग बोट लावून सांगायला लागले: हितं तेल, हितं न्हाय, ही खूण अशी आली की पाती पुढं, अशी आली की धारेवर, अशी आली की उलटी. माझ्याकडून तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा म्हणाले, "आलं की. आठ दिस सांगितलं हुतं, तू तर तासात शिकलास. आता किल्ली माझ्या कमरंला न्हाय, बरं का." टोमणा होता, पण त्यात काटा नव्हता. मी तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द तोंडात आले होते… चाचीनं चहा आणला आणि मी चहाबद्दल बोललो.

मातीला मी गेलो. खांदा द्यायला कासारानं जागा करून दिली. मी पुढं झालो नाही, मागं चालत राहिलो. चाळिसाव्याला मात्र दुकानात गेलो आणि चाचीपुढं बसून सगळं सांगितलं. रंकाळा, दोर, रामा, चौथा दिवस. तिला नवीन काहीच नव्हतं. ती म्हणाली, "त्येनी मला मिरजंच्या दवाखान्यातच सांगितलंतं. म्हणालं, पोरगं येईल आपणहून. आगीनगाडी हाय, पर थांबाय शिकंल." मी म्हणालो, चाची, पंखा द्या, नावेला बसवतो, पाऊस तोंडावर आला आहे, मला लावता येतो, त्यांनीच शिकवलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "दील की. त्येंचंबी त्येच म्हणणं हुतं. पर असा न्हाय दील. ज्या मशिनीवर ते छापलंस, त्याच मशिनीवर ह्ये छाप. मला वाचाय येत न्हाय. तू हितं येऊन वाचायचंस. पडवीत हुबं ऱ्हाऊन, गल्लीला ऐकू जाईल असं." मी मान हलवली. "मनात न्हाय, मोठ्यानं," ती म्हणाली. "पयल्यांदा वरडून सांगितलंवतंस न्हवं?"

म्हणून हा लेख पुरवणीत आला, पण त्याआधी तो त्याच यंत्रावर सुटा छापला आहे, आणि शिरोळच्या बाजारात, ज्या पारावर तो गठ्ठा वाटला होता त्याच पारावर वाटायला दिला आहे; पडवीत मोठ्यानं वाचायचं तेवढं राहिलं आहे. दस्तगीर मिस्त्रींनी नाव फोडली नाही. नाव चुकीच्या पंख्यानं फुटली. तो पंखा मी निवडला, त्यांच्या विरोधात, त्यांची थट्टा करून. त्यांनी घाटावरची माणसं वाचवली आणि पाय दिला. मला हे माहीत होतं. पत्रकाला शोभेल असं काही यात नाही, पण एवढंच खरं आहे.

चाळिसाव्याला चाचीपुढून उठताना मी खुंटीपाशी गेलो. पंखा स्वच्छ होता. चाळीस दिवसांत चाचीनं एकही शुक्रवार चुकवला नव्हता. दांडा पार मागं होता, उलट्या खुणेवर, नाव थांबवायच्या. मी शिकल्याप्रमाणे तो ओढला. पाती धारेवर आली, मग पुढं वळली, जराही आवाज न करता. मी तसाच सोडून निघालो तर चाची मागून म्हणाली, "पुढं करून ठिवू नगंस. त्येनी कायम मागंच करून उठायचं." मी परत फिरलो आणि दांडा मागं केला.